अफगाण युद्धाची हत्यारं बाजारात आली कशी

काश्मीरमधे चकमकीनंतर अमेरिकन एम-४ कार्बाइन सापडली अशी बातमी आली की सगळे २०२१ कडे, म्हणजे अमेरिकन सैन्य अफगाणिस्तानातून निघालं त्या वर्षाकडे बोट दाखवतात, पण हा रस्ता त्याच्या चाळीस वर्षं आधी तयार झालाय.

डिसेंबर १९७९ ला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. त्यांच्याशी लढणाऱ्या अफगाण बंडखोरांना, म्हणजे मुजाहिदीनना शस्त्रं पुरवायची, पण त्यावर अमेरिकेचं नाव नको, म्हणून सीआयएने सुरवातीची बरीच वर्षं मुद्दाम सोव्हिएत पद्धतीचाच माल घेतला, काही इजिप्तच्या गोदामातला जुना, काही चीनचा. कुठे सापडलाच तर रशियन सैनिकांकडून हिसकावलाय असं म्हणायची सोय. माल कराची बंदरात उतरायचा, तिथून आयएसआयच्या ताब्यात, मग ट्रकने रावळपिंडी, क्वेट्टा, पेशावर आणि शेवटी मुजाहिदीनच्या सात पक्षांना वाटप. १९८३ ला वर्षाला साधारण १० हजार टन जात होतं ते १९८७ पर्यंत ६५ हजार टनांवर गेलं. आता ज्या मालाचा माग लागू नये अशीच व्यवस्था केलीये त्यातला वाटेत कुणी विकला तर पकडणार कोण? म्हणजे युद्ध संपायची वाट कुणी बघितलीच नाही, ते चालू असतानाच बाजार भरला होता.

आणि बाजार तर जवळच होता. पेशावरहून कोहाटला जाताना दर्रा आदमखेल लागतं. इंग्रजांच्या काळापासून तिथले कारागीर छोट्या दुकानात बसून कानस-हातोडीने .३०३ रायफलची नक्कल करतायत, मूळ कारखान्याचे शिक्केसुद्धा हुबेहूब ठोकायचे, कधीकधी स्पेलिंग चुकलेलं असायचं. गिऱ्हाईक दुकानाबाहेर येऊन हवेत बार काढणार, पटलं तर सौदा. तिथे अस्सल कलाश्निकोव्ह, म्हणजे एके-४७, यायला लागल्या, मग तिचीही नक्कल सुरू. कराचीतल्या टोळ्यांच्या हातात त्या दिसायला लागल्या आणि पाकिस्तानात 'कलाश्निकोव्ह कल्चर' हा शब्दच रूढ झाला.

१० एप्रिल १९८८ ला रावळपिंडीजवळच्या ओझरी कॅम्पमधला, मुजाहिदीनसाठीच्या शस्त्रांचा साठा उडाला, रॉकेटं थेट शहरात पडली, शंभरच्या आसपास माणसं गेली. तिथे नक्की काय आणि किती होतं याचा हिशोब लोकांना आजवर मिळालेला नाही, आणि मला ही गोष्ट फार चीड आणणारी वाटते. मुजाहिदीनना नंतर दिलेल्या अमेरिकन स्टिंगर क्षेपणास्त्रांचं मात्र वेगळं, ती विमान पाडू शकतात म्हणून ९० च्या दशकात अमेरिकेने पैसे मोजून मिळतील तितकी परत विकत घेतली. रायफली परत घ्यायला कुणीच आलं नाही.

१९९३ ला रायगडच्या किनाऱ्यावर स्मगलिंगने उतरवलेल्या एके-५६ म्हणजे याच कलाश्निकोव्हचं चिनी मॉडेल.

२०२१ ला अफगाण सैन्याकडून तालिबानच्या हातात गेलेला माल अमेरिकेच्याच हिशोबाने ७ अब्ज डॉलरचा, यावेळी निदान अर्धवट का होईना, नंबर आणि कागद होते. तरी थोड्याच दिवसात दक्षिण अफगाणिस्तानातल्या दुकानांमधे अमेरिकन रायफली उघड विकायला होत्या.