सापळ्यातला शून्यही मोजायचा असतो

सकाळी शेतात गेलं की कामगंध सापळ्याच्या, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्याच्या, तळाशी बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडायची आणि आतले पतंग कागदावर ओतायचे. काही मेलेले असतात, काही अजून फडफडत असतात. घाटेअळीचा, म्हणजे हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या किडीचा, नर ओळखायला सोपा: पुढचे पंख हिरवट-पिवळसर, त्यांवर मधोमध एक गडद ठिपका, मागचे पंख फिके आणि कडेला रुंद काळपट पट्टा. असे किती आहेत ते मोजून आकडा वहीत लिहायचा. पाच मिनिटांचं काम, पण कामगंध सापळ्याचा सगळा उपयोग या पाच मिनिटांत आहे. नुसता टांगून ठेवलेला सापळा काहीच सांगत नाही.

मादी पतंग रात्री एका जागी बसते, पोटाच्या टोकाची गंधग्रंथी बाहेर काढते आणि गंध वाऱ्यावर सोडून देते. नराच्या डोक्यावरच्या शृंगिकांवर तो टिपणारे सूक्ष्म केस असतात. गंध लागला की नर वाऱ्याच्या उलट दिशेने निघतो. गंध मध्येच तुटला तर डावीउजवीकडे हेलकावे घेत शोधत राहतो आणि पुन्हा लागला की पुढे सरकतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी १९५९ साली रेशीमकिड्याचा हा गंध प्रथम ओळखला. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी लागल्या आणि हाती आलं ते काही मिलिग्रॅम. आज तोच प्रकार रबराच्या छोट्याशा ल्युरमध्ये, म्हणजे सापळ्यात लावायच्या आमिषात, भरून मिळतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

प्रत्येक जातीचं मिश्रण वेगळं. गुलाबी बोंडअळीच्या गंधात दोन घटक जवळपास निम्मे निम्मे असतात. घाटेअळीच्या गंधात एक घटक ९७ टक्क्यांच्या आसपास, तर दुसरा जेमतेम ३ टक्के. म्हणून ल्युर आपल्याच जातीच्या नरांना बोलावतो. आणि म्हणूनच एका किडीचा ल्युर हाताळलेल्या बोटांनी दुसरीचा ल्युर लावू नये. हाताला लागलेला गंध तिकडे जातो आणि सापळ्याचं गणित बिघडतं.

हे मोजणं सर्वांत मोलाचं ठरतं ते कपाशीत. गुलाबी बोंडअळीची मादी पाते (कळ्या), फुलं, बोंडं यांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली इवलीशी अळी लवकरच बोंडात शिरते आणि तिने पाडलेलं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. पाकळ्या न उमलता मिटलेलंच राहिलेलं फूल, म्हणजे डोमकळी दिसली, तर अळी तिच्या आत बसलेली असते. आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी पोहोचत नाही, त्यामुळे तिच्या आधीची खबर हवी. ती पतंग देतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री सरासरी आठ किंवा जास्त नर आले, तर फवारणीची वेळ आली असं समजावं. त्याबरोबर वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून पाहावीत; दोनांत जिवंत अळी निघाली तरी तोच इशारा.

सापळा लावून कीड संपेल, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. त्यात फक्त नर सापडतात, आणि एक नर अनेक माद्यांशी मीलन करतो. थोडे नर उरले तरी अंडी पडतच राहतात. निरीक्षणासाठी एकरी दोन सापळे पुरतात, पण ते पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर हवेत. पीक वाढेल तसा सापळाही वर सरकवावा लागतो, आणि नेमका याचाच विसर पडतो.

शून्य आकड्याबद्दल थोडं जास्त सावध राहायला हवं. पतंग नाहीत म्हणून शून्य, की ल्युर जुना झाला म्हणून? ल्युरचा गंध साधारण तीनचार आठवड्यांत ओसरतो. पिशवी फाटलेली असू शकते, सापळा पिकात बुडालेला असू शकतो. शिवाय शेतात खऱ्या माद्या फार झाल्या की नर त्यांच्याकडे वळतात आणि कीड वाढत असतानाच सापळ्यातला आकडा घसरतो. म्हणून वहीत आकड्याशेजारी ल्युर बदलल्याची तारीख लिहावी, आणि शून्य आला त्या दिवशी पिशवी, उंची आणि ती तारीख पाहून थेट पिकात शिरावं, पानं उलटून अंडी शोधावीत.