रॅपमधील कॉन्सेप्ट अल्बम

एखादी कथा, एखादे पात्र किंवा एखादा विचार धरून बांधलेला रॅप गाण्यांचा संच म्हणजे रॅपमधील कॉन्सेप्ट अल्बम. त्यातली गाणी सुटी ऐकता येतात. पण लावलेल्या क्रमाने ऐकली तर त्यांतून एक मोठी रचना उभी राहावी, ही अपेक्षा असते. रॉक संगीतात हा प्रकार रॅपच्या आधीच रुळला होता. रॅपने त्यात स्किटचा भरपूर वापर केला. स्किट म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये येणारा छोटा संवाद, फोनवरचा निरोप किंवा रस्त्यावरची बाचाबाची. डे ला सोल या गटाच्या १९८९ च्या पहिल्या अल्बममध्ये निर्माता प्रिन्स पॉल याने टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेसारखा खेळ गाण्यांमधून पेरला आणि पुढे स्किटची प्रथाच पडली.

प्रिन्स पॉलनेच दहा वर्षांनी ‘अ प्रिन्स अमंग थीव्ज’ (१९९९) मध्ये सबंध कथानक रचले. तारिक हा तरुण डेमो टेप (नमुन्याच्या गाण्यांची टेप) पुरी करण्यासाठी पैसे हवेत म्हणून अमली पदार्थ विकणाऱ्या मित्राकडे जातो आणि त्याच्याकडूनच दगा खातो. वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळ्या रॅपरांचे आवाज आहेत. कथेचा धागा कुठे सुटत नाही, पण त्याची किंमत गाण्यांना मोजावी लागली आहे: त्यातले एखादे गाणे एकटे ऐकले की नाटकातला एकच प्रवेश पाहिल्यासारखे वाटते. लूपे फियास्कोच्या ‘द कूल’ (२००७) चे उलट आहे. मरून कबरीतून परतलेला तरुण आणि माणसाच्या रूपात आलेले रस्ता व धंदा ही पात्रे विलक्षण आहेत, पण ती मोजक्याच गाण्यांत भेटतात. बाकीची गाणी चांगली असूनही त्या कथेबाहेरची राहतात.

वीण किती घट्ट आहे हे पाहायचे तर गाण्यांच्या सांध्यांकडे पाहावे. अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा ‘गुड किड, मॅड सिटी’ (२०१२) या बाबतीत आजही सर्वांत शिकण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनमध्ये एक मुलगा आईची व्हॅन घेऊन मैत्रिणीला भेटायला निघतो. पहिल्या गाण्याच्या शेवटी आईचा निरोप वाजतो: गाडी परत आण, मला सरकारी कचेरीत जायचे आहे. मागून बाप आपल्या डॉमिनोच्या सोंगट्यांची चौकशी करतो. इथून पुढे प्रत्येक गाण्याचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. ‘बॅकसीट फ्रीस्टाइल’ सुटे ऐकले तर नुसती बढाई. अल्बममध्ये ती मित्रांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून तोंडाची वाफ दवडणाऱ्या पोराची बढाई आहे आणि पुढच्याच गाण्यात ही टोळी एका घरात चोरी करायला शिरते. ‘स्विमिंग पूल्स’वर लोक पार्ट्यांत नाचले. गाणे मात्र दारूच्या व्यसनाबद्दल आहे, आणि त्याच्या शेवटच्या स्किटमध्ये गोळीबारात एका मित्राचा भाऊ मरतो.

त्यानंतरचे गाणे बारा मिनिटांचे. पहिल्या कडव्यात तो मित्र बोलतो आणि त्याचे बोलणे गोळ्यांच्या आवाजाने मध्येच तुटते. दुसऱ्यात बोलते ती लमारच्या आधीच्या, २०११ च्या अल्बममधील एका गाण्याच्या नायिकेची बहीण. माझ्या बहिणीची कथा चव्हाट्यावर का मांडलीस, असे ती विचारते. मी विरून जाणार नाही असे बजावत राहते आणि तिचा आवाजच विरत जातो. गाण्याच्या अखेरीस एक वयस्क बाई या पोरांकडून प्रार्थना म्हणवून घेते. अल्बमची सुरुवात याच प्रार्थनेने झाली होती, पण तेव्हा ती कोण म्हणते आहे आणि का, हे कळत नव्हते. दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्याच मिनिटाला अंगावर काटा येतो.

‘टू पिंप अ बटरफ्लाय’ (२०१५) मध्ये लमारने कथेऐवजी पालुपद वापरले. एक कविता अनेक गाण्यांच्या शेवटी येते आणि दर खेपेला थोडी पुढे सरकते. शेवटच्या ट्रॅकमध्ये ती पुरी होते. तेव्हा समजते की ती टुपाक शकूर या रॅपरला वाचून दाखवली जात होती. टुपाक १९९६ मध्येच गेला. त्याची उत्तरे १९९४ च्या रेडिओ मुलाखतीतून घेतली आहेत. लमारच्या शेवटच्या हाकेला ओ येत नाही.

शेवटी उलगडा करून मागचे सारे फिरवण्याची युक्ती इतरांनीही वापरली. ब्रिटनच्या द स्ट्रीट्सच्या ‘अ ग्रँड डोन्ट कम फॉर फ्री’ (२००४) मध्ये पहिल्याच गाण्यात हजार पौंड हरवतात. अखेरच्या गाण्याला दोन शेवट आहेत. दुसऱ्यात ते पैसे टीव्हीच्या मागे सापडतात. जे. कोलच्या ‘फोर युअर आइझ ओन्ली’ (२०१६) च्या जवळजवळ नऊ मिनिटांच्या शेवटच्या गाण्यात कळते, की हा अल्बम एका मृत मित्राने मुलीसाठी ठेवलेला निरोप आहे. पण मधल्या ‘नेबर्स’मध्ये कोल स्वतःच्या घरावर पडलेल्या पोलिसी छाप्याबद्दल बोलतो, आणि कोणते गाणे कुणाचे हा गुंता सुटत नाही. हा अल्बम हृदयाला भिडतो, पण त्याची वीण इथे सैल आहे.

लमारच्या ‘डॅम’ (२०१७) ला २०१८ चे संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. शास्त्रीय संगीत व जॅझबाहेरच्या कृतीला ते प्रथमच दिले गेले. पहिल्या ट्रॅकमध्ये एका अंध स्त्रीला मदत करायला गेलेल्या निवेदकाला गोळी लागते. शेवटच्या गाण्यात एक जुना प्रसंग येतो: चिकनच्या दुकानात काम करणाऱ्या लमारच्या बापाने लुटायला आलेल्या अँथनीला फुकट खायला देऊन आपला जीव वाचवला. हा अँथनी पुढे लमारच्या रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख झाला. त्या दिवशी गोळी सुटली असती तर अँथनी जन्मठेप भोगत असता आणि लमार बापाविना वाढून चकमकीत मेला असता, असे गाणे म्हणते. लगेच गोळीचा आवाज होतो, सगळा अल्बम उलटा फिरतो आणि पहिल्या ट्रॅकचे पहिले वाक्य पुन्हा ऐकू येते. २०१७ च्याच डिसेंबरमध्ये हीच चौदा गाणी उलट क्रमाने लावलेली आवृत्ती निघाली. तिची सुरुवात बापाच्या त्या कथेने होते आणि शेवट त्या अंध स्त्रीपाशी.