प्रोस्टेटची प्रतिमा-मार्गदर्शित बायोप्सी

प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग आहे का, हे ठरवण्यासाठी सोनोग्राफी, एमआरआय किंवा पेट स्कॅनच्या प्रतिमेवर नजर ठेवून ग्रंथीतील ऊतीचे बारीक तुकडे सुईने काढण्याची पद्धत. मराठी परिभाषेत प्रोस्टेटला ‘अष्ठीला ग्रंथी’ आणि बायोप्सीला ‘जीवोतक परीक्षा’ म्हणतात. दवाखान्यात मात्र ‘तुकडा काढायचा’ एवढेच बोलले जाते.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असते आणि गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला अगदी चिकटून असते. तपासणीच्या बहुतेक वाटा गुदद्वारातून जातात त्या यामुळेच. बोटाने चाचपल्यावर लागलेला टणकपणा किंवा रक्तातील पीएसएचे वाढलेले प्रमाण ही संशयाची नेहमीची कारणे. पण पीएसए हे कर्करोगाचे नव्हे, ग्रंथीचे प्रथिन आहे. उतारवयात ग्रंथी नुसती वाढली किंवा तिला सूज आली तरी ते वाढते. म्हणून निदानाचा शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्याचाच असतो.

सोनोग्राफी येण्यापूर्वी डॉक्टर बोटाला लागलेल्या गाठीच्या अंदाजाने सुई घालत. जी गाठ बोटाला लागत नसे, ती सुटून जाई. गुदाशयातून करायच्या सोनोग्राफीला जपानमध्ये हिरोकी वातानाबे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्यवहार्य रूप दिले. १९८९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील हॉज, स्टेमी आणि सहकाऱ्यांनी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंतून ठरावीक जागी मिळून सहा तुकडे काढण्याची शिस्त घालून दिली. पुढे सहाचे दहा-बारा झाले. या पद्धतीला प्रतिमा-मार्गदर्शित म्हणतात खरे, पण ते अर्धेच खरे आहे. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, तिच्यातला कर्करोग दिसेलच असे नाही. काही गाठी काळपट डागासारख्या उठून दिसतात, तर अनेक आजूबाजूच्या ऊतीत मिसळून जातात. शेतात माती परीक्षणासाठी ठरावीक अंतरावरून नमुने घ्यावेत, तसाच हा प्रकार. त्यातून दोन उलट चुका होत. ग्रंथीच्या पुढच्या भागातली घातक गाठ सुटे आणि आयुष्यभर त्रास न देणारा बारीकसा कर्करोग हाती लागून माणूस नाहक रुग्ण बने.

खरा बदल एमआरआयने घडवला, आणि तोही क्रम उलटा करून. आधी प्रतिमा, मग सुई. ऊतीची रचना, पाण्याच्या रेणूंची हालचाल आणि औषध टोचल्यावरचा रक्तप्रवाह अशा वेगवेगळ्या अंगांनी काढलेल्या या चित्रांतील संशयित जागांना ‘पाय-रॅड्स’ या मोजपट्टीवर १ ते ५ गुण देतात. ४ किंवा ५ असतील तर सहसा बायोप्सी, १ किंवा २ असतील तर अनेकांची सुई टळते. ३ गुण मिळाले की पीएसए, ग्रंथीचा आकार आणि घरातला कर्करोगाचा इतिहास पाहून ठरवावे लागते.

ब्रिटनमधील ‘प्रॉमिस’ अभ्यासात (२०१७) ५७६ पुरुषांची एमआरआय, नेहमीची सोनोग्राफी-बायोप्सी आणि दर ५ मिमीवर तुकडे घेणारी सविस्तर बायोप्सी, असे तिन्ही केले गेले. यातली तिसरी तपासणी कसोटी मानल्यावर, उपचार करावा अशा कर्करोगांपैकी ९३ टक्के एमआरआयला दिसले आणि जुन्या बायोप्सीला ४८ टक्के सापडले. पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ या ५०० जणांच्या चाचणीत एमआरआय गटात असे कर्करोग ३८ टक्के पुरुषांत, तर जुन्या पद्धतीच्या गटात २६ टक्के पुरुषांत मिळाले. निरुपद्रवी कर्करोगांचे प्रमाण मात्र २२ वरून ९ टक्क्यांवर आले. या दुसऱ्या आकड्याकडे कमी लक्ष जाते. प्रत्यक्षात रुग्णाच्या दृष्टीने तोही तेवढाच मोलाचा आहे.

एमआरआयवर दिसलेली जागा सुईने गाठण्याच्या तीन तऱ्हा आहेत. एक, डॉक्टर एमआरआय पाहून जागा लक्षात ठेवतो आणि सोनोग्राफीवर अंदाजाने नेम धरतो. दोन, संगणक एमआरआयचे चित्र चालू सोनोग्राफीवर बसवतो. याला ‘फ्यूजन’ म्हणतात. गुदाशयात घातलेल्या सोनोग्राफीच्या नळीच्या, म्हणजे प्रोबच्या, दाबाने ग्रंथीचा आकार बदलतो, त्यामुळे दोन्ही चित्रे तंतोतंत जुळवणे हीच यातली अवघड बाब. तीन, रुग्ण एमआरआय यंत्रातच असताना सुई घालतात. हे अचूक खरे, पण वेळखाऊ आणि महागडे. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील डॉक्टरांनी पीएसएमए (प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर आढळणारे प्रथिन) टिपणाऱ्या पेट-सीटी स्कॅनच्या आधारे, रोबोच्या मदतीने कुल्ल्यातून सुई नेऊनही तुकडे घेतले आहेत.

सुई गुदाशयातून घालायची की वृषण आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून, हा वेगळा प्रश्न. पहिल्या वाटेने आतड्यातले जंतू सुईसोबत ग्रंथीत जाऊ शकतात, आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू भारतात सर्रास आढळतात. म्हणून त्वचेतून जाण्याकडे कल वाढतो आहे. जागा बधिर करून स्प्रिंगच्या सुईने तुकडे घेतात, प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज येतो. नंतर काही दिवस लघवीतून आणि काही आठवडे वीर्यातून रक्त जाते. त्याने घाबरायचे कारण नसते. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधीच सांगावे, मनाने बंद करू नयेत.

‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण त्या अत्यंत विरळ. या भीतीने दवाखाना टाळणारे मात्र कमी नाहीत.

एमआरआय स्वच्छ आला म्हणजे कर्करोग नाहीच, असे नव्हे. चित्र वाचणाऱ्याच्या अनुभवावरही बरेच अवलंबून असते. त्यामुळे अनेक ठिकाणी नेमक्या जागेच्या तुकड्यांसोबत उरलेल्या ग्रंथीतूनही काही घेतात. रोगनिदानतज्ज्ञ त्यांना ग्लीसन पद्धतीने, म्हणजे ऊतीची रचना किती बिघडली आहे हे पाहून, गुण देतो आणि त्यावरून १ (सर्वांत सौम्य) ते ५ श्रेणी ठरते. श्रेणी १ आली, तर पुष्कळदा शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी करून नुसती नजर ठेवतात.