सल्लामसलत म्हणजे मतदान नव्हे

कमी कार्बन उत्सर्जनाच्या वीजकेंद्राचा प्रस्ताव आला की स्थानिकांशी होणारी सल्लामसलत हे एक प्रकारचे मतदान असते आणि विरोधाच्या सह्या जास्त जमल्या तर प्रकल्प आपोआप बारगळतो, असा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. तो चुकीचा आहे आणि त्याचा फटका स्थानिकांनाच बसतो.

सल्लामसलतीत सह्यांच्या संख्येपेक्षा मुद्द्यांचे वजन पाहिले जाते. एकाच मजकुराची हजार पत्रे आली, तरी त्यांतून सहसा एकच मुद्दा नोंदला जातो. उलट, थंडाव्यासाठी पाणी ओढणाऱ्या नळाच्या तोंडाशी कोणत्या महिन्यांत माशांची पिल्ले असतात, हे नेमके सांगणाऱ्या एखाद्या मच्छीमाराच्या पत्रामुळे नळावरच्या जाळीची रचना किंवा नळाची जागा बदलावी लागू शकते.

म्हणून सल्लामसलत निव्वळ उपचार ठरते, असेही नाही. इंग्लंडमधील १९८५ च्या गनिंग खटल्यातून पुढे आलेली आणि २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेली तत्त्वे स्पष्ट आहेत: प्रस्ताव घडत असतानाच मत विचारावे, पुरेशी माहिती आणि वेळ द्यावा, आणि आलेल्या मतांचा प्रामाणिकपणे विचार करूनच निर्णय घ्यावा. पर्यावरणविषयक निर्णयांत लोकसहभागाची हमी देणारा १९९८ चा आंतरराष्ट्रीय आर्हुस करारही सर्व पर्याय खुले असतानाच लोकसहभाग मागतो. माझ्या मते सर्वांत मोलाची अट हीच आहे, कारण जागा ठरल्यावर विचारण्यासारखे फारसे उरत नाही. त्यामुळे, उदाहरणार्थ, केंद्राच्या धुरातून पकडलेला कार्बन डायऑक्साइड वाहून नेणारी नळवाहिनी कुठून जाणार, हे पहिल्याच सभेत लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच मागावे.