स्तनसंरक्षक उपचार आणि स्तनोच्छेदन

शस्त्रक्रियायोग्य स्तनकर्करोगात गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार देणे, हा स्तनसंरक्षक उपचार. संपूर्ण स्तन काढणे म्हणजे स्तनोच्छेदन. काखेतील लसिका ग्रंथींची तपासणी सहसा दोन्हींत होते.

संरक्षक पद्धतीचा आरंभ कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकी शल्यचिकित्सक हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेली, छातीचे स्नायूही काढणारी मूलगामी शस्त्रक्रिया सुमारे पाऊण शतक प्रमाण मानली गेली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शल्यचिकित्सक जेफ्री केन्स १९२० च्या दशकात स्तनात रेडियमच्या (किरणोत्सर्गी धातूच्या) सुया बसवीत. अनेक लेखक त्यांनाच आद्य मानतात. मात्र त्यांचा मुख्य भर रेडियमवर होता. ‘आधी गाठ काढणे, मग किरण’ हा क्रम साधारण त्याच सुमारास जर्मनीत हिर्श यांच्याकडे व पुढे पॅरिसमध्ये बाक्लेस यांच्याकडे अधिक स्पष्ट दिसतो. पुराव्याच्या दृष्टीने आरंभ इटलीतील मिलानपासून धरणे सयुक्तिक वाटते. तेथे वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० दरम्यान, २ सेंमी.पर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांत दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. वीस वर्षांनी त्याच बाजूला रोग उलटण्याचे प्रमाण संरक्षक गटात ८.८, तर मूलगामी गटात २.३ टक्के आढळले. जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. अमेरिकेत फिशर यांच्या चाचणीचा निष्कर्षही असाच. तेथे गाठ काढून किरण न दिलेल्यांत ३९.२ टक्के, दिलेल्यांत १४.३ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला.

काही नोंदणी-अभ्यासांत (रुग्णनोंदींवरून केलेल्या तुलनांत) संरक्षक उपचार सरस ठरतो. पण मुळात कोणत्या रुग्णाला काय दिले गेले यातच फरक असल्याने ते सावधपणे वाचावेत.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) निवड बरीचशी किरणोपचारावर, म्हणजे बोलीतल्या ‘शेका’वर, अडते. पाच आठवड्यांच्या २५ बैठकांसाठी धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरील बाईने घर व मजुरी सोडून नाशिकला, सुरतेला किंवा मुंबईला राहायचे कसे? ब्रिटिश चाचण्यांनी हा काळ आधी तीन आठवड्यांवर (१५ बैठका) आणला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांनुसार एका आठवड्यातील ५ बैठकाही पुरेशा ठरल्या. या भागासाठी हा बदल शस्त्रक्रियेतील कोणत्याही सुधारणेहून मोलाचा आहे. ‘स्तन काढला की शेक टळतो’ हा समजही सर्वस्वी खरा नाही. काखेतील चार वा अधिक ग्रंथी बाधित असल्यास स्तनोच्छेदनानंतरही किरण द्यावे लागतात.

छातीला पूर्वी किरण दिलेले असणे, स्तनाच्या अनेक भागांत रोग असणे किंवा गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने, अशा स्थितीत सहसा स्तनोच्छेदनच सुचवतात. गाठ मोठी असल्यास आधी औषधोपचाराने ती आक्रसवून स्तन राखता येतो.