सरासरी कुणाच्या बाजूला झुकली आहे ते आधी बघा

बँक पीओ, कॅट, एमपीएससीचा सीसॅट, जीआरई, कुठलीही परीक्षा घ्या, हा प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतोच. एका वर्गात मुलांची सरासरी ६२ मार्क, मुलींची ७२, अख्ख्या वर्गाची ६८, तर मुलं आणि मुलींचं गुणोत्तर काय? बहुतेक जण लगेच x आणि y मानतात, 62x + 72y = 68(x + y) असं मांडतात, कंस सोडवतात, उत्तर बरोबर येतं पण एक मिनिट गेलेलं असतं. बँक भरतीच्या आयबीपीएस पीओ प्रीलिम्समध्ये क्वांटचे, म्हणजे गणिताचे, ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद आणि कॅल्क्युलेटर नाही.

आता समीकरण बाजूला ठेवा आणि नुसतं ६८ कडे बघा. प्रत्येक मुलगा सरासरीपेक्षा ६ ने कमी आहे आणि प्रत्येक मुलगी ४ ने जास्त. सरासरी म्हणजे तरी काय, जास्तवाल्यांचं जास्तीचं काढून कमीवाल्यांचा खड्डा भरला की सगळे ज्या पातळीला येतात ती. मग खड्डा आणि ढीग सारखेच असायला पाहिजेत. दोन मुलांचा खड्डा १२, तीन मुलींचा ढीग १२, हिशोब मिटला. गुणोत्तर २:३. क्लासमध्ये याच गोष्टीला अॅलिगेशन म्हणतात आणि बाणांची फुली काढून शिकवतात, वरच्या दोन टोकांना दोन सरासऱ्या, मधे एकत्र सरासरी, तिरकी वजाबाकी. ती फुली बरोबरच आहे, पण नुसती पाठ केली की परीक्षेच्या टेन्शनमध्ये ४:६ कुणाचं आणि ६:४ कुणाचं हेच आठवत नाही. सी-सॉवर जड पोरगं मधल्या टेकूजवळ सरकून बसतं ना, तसंच आहे हे. ६८ हे ७२ च्या जवळ आहे म्हणजे मुली जास्त, बस. पर्यायांमध्ये ज्यात मुलं जास्त दिसतील ते पेन न उचलता कट करा.

आणि ही काही कोचिंगवाल्यांनी शोधलेली ट्रिक नाही बरं का. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, सोन्याच्या गणितांचा एक वेगळा भागच आहे. तेव्हा सोन्याची शुद्धता वर्णात मोजायचे, आपण आज कॅरेट म्हणतो तशी, आणि १६ वर्ण म्हणजे शुद्ध सोनं. त्यातलं एक उदाहरण असं: १३ वर्णाचं १० मासे (मासा हे तेव्हाचं वजनाचं माप), १२ वर्णाचं ४ मासे, ११ वर्णाचं २ मासे आणि १० वर्णाचं ४ मासे सोनं एकत्र वितळवलं तर किती वर्णाचं होईल? सरळ पद्धतीने १३० + ४८ + २२ + ४० = २४०, भागिले २० मासे, उत्तर १२. पण मला यातली मजा अंतरांत दिसते. १२ पासून मोजा. पहिलं सोनं १ ने वर आहे आणि ते १० मासे, म्हणजे ढीग १०. दुसरं बरोबर १२ वरच आहे, त्याचा हिशोबात शून्य वाटा. तिसरं १ ने खाली, २ मासे, खड्डा २. चौथं २ ने खाली, ४ मासे, खड्डा ८. दहाला दहा! आणि दोनच प्रकारचं सोनं असेल तर किती किती घ्यायचं यासाठी तिथे अख्खा नियम दिलाय: मोठ्या वर्णातून हवा तो वर्ण वजा करा, ते हलक्या सोन्याचं वजन, आणि हव्या वर्णातून लहान वर्ण वजा करा, ते भारी सोन्याचं वजन. १६ आणि १० वर्णाचं मिसळून १२ वर्णाचं हवं असेल तर भारी २ भाग, हलकं ४ भाग. हे आजच्या गाइडमधलं अॅलिगेशनच आहे, फक्त फुली नाही. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना हे गणित परकं वाटावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता खरी मेख. अंतरं सगळ्यांना जमतात, घोळ होतो तो वजन कशाचं घ्यायचं, म्हणजे कुठला आकडा किती पट मोजायचा, यात. माझ्या मते भारित सरासरीतला (अशी वजनं लावून काढलेल्या सरासरीतला) हा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच क्लासमध्ये घाईत उरकला जातो. त्याचं उत्तर त्या आकड्याच्या एककातच असतं, "दर" कशामागे आहे ते बघायचं. किलोमागे रुपये असतील तर वजन किलोंचं, मुलामागे मार्क असतील तर मुलांच्या संख्येचं, तासाला किलोमीटर असतील तर तासांचं.

शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६०, तर सरासरी वेग ५० असं पटकन तोंडात येतं कारण जाणं आणि येणं सारखंच आहे असं वाटतं. अंतर सारखं आहे, वेळ नाही. १२० किमी धरा, जाताना ३ तास, येताना २ तास, वजनं ३:२, मग सरासरी ४० कडे झुकणार. एकूण २४० किमी ५ तासांत म्हणजे ४८. उलटं तपासून बघा, ४८ पासून ४० हे ८ ने खाली आणि ६० हे १२ ने वर, ८ चं तीनपट २४ आणि १२ चं दुप्पट २४. हळू चालवताना जास्त वेळ जातो म्हणून सरासरीत हळू वेगाचंच वजन जास्त पडतं, हे एकदा समजलं की दोन वेगांचं 2ab/(a+b) हे सूत्र पाठ करायची गरजच राहत नाही.

नफा-तोट्यात पण हेच. दोन सायकली प्रत्येकी १२०० रुपयांना विकल्या, एकीवर २० टक्के नफा, दुसरीवर २० टक्के तोटा. ना नफा ना तोटा असं वाटतं ना? पण नफ्याचे टक्के खरेदीच्या शंभर रुपयांमागे असतात, म्हणून वजन खरेदी किमतीचं. नफावाली १००० ला घेतलेली, तोटावाली १५०० ला. वजनं २:३, तोट्याचं पारडं जड, सरासरी वजा ४ टक्के. पैशात बघा, २५०० घातले, २४०० आले. अशा प्रश्नांत "विक्री किंमत समान" हे शब्द मुद्दाम घातलेले असतात, ते दिसले की सावध व्हायचं.

दूध-पाण्याची गणितं तर सगळ्यांना माहीत आहेत, पण प्रत्यक्षात डेअरीत काय होतं ते जास्त भारी आहे. आरे मिल्क कॉलनीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते दारा खुरोडी (१९६३ मध्ये कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे मिळालेले) यांनी टोन्ड दूध, म्हणजे फॅट कमी केलेलं दूध, आपल्याकडे रुजवलं. म्हशीच्या दुधात फॅट ७ टक्के धरा, टोन्ड दुधाला ३ टक्के लागतं, आणि मिसळायच्या पातळ भागात फॅट शून्य. अंतरं ३ आणि ४, म्हणजे ३ लिटर म्हशीच्या दुधात ४ लिटर पातळ भाग. मग नळाचं पाणीच का नाही ओतत? कारण एकाच मिश्रणात दुसरी सरासरी पण सांभाळायची असते. टोन्ड दुधात फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, म्हणजे एसएनएफ, ८.५ टक्के लागतात, म्हशीच्या दुधात ते साधारण ९ असतात, आणि नुसतं पाणी घातलं तर ते ४ च्याही खाली जातात. म्हणून पाण्यात स्किम मिल्क पावडर कालवून घालतात, तिच्यात फॅट जवळपास नसतं पण एसएनएफ भरपूर.

एक गोष्ट मात्र सरासऱ्यांमधून कधीच मिळत नाही, ती म्हणजे प्रत्यक्ष संख्या. जीमॅटच्या डेटा सफिशियन्सीत, म्हणजे दिलेली माहिती उत्तराला पुरते का असं विचारणाऱ्या प्रश्नांत, यावरच फसवतात. ६२, ७२ आणि ६८ दिले आणि विचारलं वर्गात मुलं किती, तर उत्तर "सांगता येत नाही", कारण २ आणि ३ पण चालतील, २० आणि ३० पण. पण सोबत "वर्गात ४० पेक्षा जास्त आणि ४९ पेक्षा कमी विद्यार्थी" एवढं जरी दिलं तरी काम होतं, एकूण संख्या ५ च्या पाढ्यात हवी, म्हणजे ४५, त्यात १८ मुलं आणि २७ मुली.

ही वजनं न बघता निष्कर्ष काढला की काय होतं याचं परीक्षेबाहेरचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं, १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांचं. अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश, बायकांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना, उघड भेदभाव वाटावा असे आकडे. १९७५ मध्ये बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल या तिघांनी विभागवार हिशोब मांडला तर बहुतेक विभागांत तसं काही दिसेना. मोठ्या सहा विभागांतले दोनच घ्या. एकात ८२५ पुरुषांतल्या ६२ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि १०८ बायकांतल्या ८२ टक्क्यांना. दुसरा विभाग कडक, तिथे ३७३ पुरुषांतल्या ६ टक्क्यांना आणि ३४१ बायकांतल्या ७ टक्क्यांना. दोन्हीकडे बायकाच पुढे, पण दोन्ही विभाग मिळून बघितलं तर पुरुष साधारण ४५ टक्के आणि बायका फक्त २५ टक्के, कारण पुरुषांचं बहुतेक वजन सोप्या विभागात पडलं होतं आणि बायकांचं कडक विभागात.