स्विच सर्व्हरच्या पोटात गेला तेव्हा

पणजी, मडगाव, फोंडा इथल्या मध्यम आकाराच्या कार्यालयांत सर्व्हर रूमचे दार उघडले तर आज अनेकदा एक-दोनच मशीन दिसतात. हिशेब, मेल, फाइली, हजेरी असे सगळे त्यांच्याच आत वेगवेगळ्या व्हीएमवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनवर, चालते. सकाळी हिशेबाचे सॉफ्टवेअर अडखळू लागले की पहिला फोन नेटवर्कवाल्याला जातो. तो स्विचचा, म्हणजे साऱ्या मशीनच्या केबल जिथे जुळतात त्या पेटीचा, रहदारी-आलेख काढतो, आलेखात काहीच वावगे नसते, आणि ‘नेटवर्क ठीक आहे’ असे लिहून तो परततो. त्याचे म्हणणे खरे असते आणि कारकुनाची तक्रारही खरी असते. हे कसे घडते ते समजायचे तर नेटवर्क मोजण्याची साधने कोणत्या काळात, काय गृहीत धरून घडली, इथून सुरुवात करावी लागते.

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतल्या माइक म्यूस यांनी पिंग लिहिले; समोरचे मशीन उत्तर देते का आणि किती वेळात, हे ते सांगते. १९८८ मध्ये एसएनएमपीचे, म्हणजे नेटवर्कच्या उपकरणांना त्यांचे आकडे विचारण्याच्या पद्धतीचे, पहिले प्रमाणक आले. त्याच सुमारास लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत टीसीपीडंप तयार झाले; ते तारेवरून जाणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, टिपून दाखवते. १९९५ मध्ये टोबी ओटिकर यांनी इंग्लंडमधल्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात एमआरटीजी हे आलेख काढणारे साधन लिहिले, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी साधा होता : विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची लाइन किती भरली आहे? दर पाच मिनिटांनी राउटरला विचारायचे, किती बाइट गेले ते लिहून घ्यायचे आणि आलेख काढायचा. या साऱ्या साधनांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. प्रत्येक मशीनची स्वतःची केबल, केबलच्या टोकाला एक पोर्ट आणि पोर्टवर एक मोजणी.

गोव्याला हे जग परके नव्हते. डी-लिंक इंडिया आणि स्मार्टलिंक या कंपन्यांचा पत्ता वेर्णा औद्योगिक वसाहतीतलाच. देशभरच्या कार्यालयांत पोचलेल्या नेटवर्कच्या सामानाचा एक वाटा याच वसाहतीतून गेला. या इतिहासात आपल्या भूमीचा एवढा थेट हात आहे, याची इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना कल्पना असायला हवी.

पाच मिनिटांची ती सवय मात्र पुढे महागात पडली. एसएनएमपीचा जुना मोजणी-आकडा ३२ बिटांचा. १०० मेगाबिटची लिंक पूर्ण भरून वाहिली तर तो साधारण पावणेसहा मिनिटांत पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे पाच मिनिटांचे अंतर कसेबसे पुरते. एक गिगाबिटवर तोच आकडा ३४ सेकंदांत फिरतो आणि पाच मिनिटांनी मिळणाऱ्या उत्तराला काही अर्थ उरत नाही. ६४ बिटांच्या मोजणीने तो प्रश्न सुटला. केबल आणि पोर्ट असण्याचे गृहीतक मात्र तसेच राहिले.

एका यंत्रात अनेक यंत्रे चालवण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच आणली होती. पण साध्या इंटेल सर्व्हरवर ती रुजली ती १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरमुळे. व्हीएम चालवणारा त्यांचा ईएसएक्स सर्व्हर २००१ मध्ये आला, त्याच कामाचे केंब्रिजचे झेन २००३ मध्ये, आणि २००७ मध्ये तसेच केव्हीएम थेट लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) दाखल झाले. गोव्यातल्या कार्यालयांना हे पटायला फार समजावावे लागले नाही, असे मला वाटते. मृगाच्या गडगडाटात पोर्ट आणि कार्डे उडतात, दमट हवेत पंखे गंजतात, वीज गेली की यूपीएस धापा टाकतो. अशा ठिकाणी सात मशीनऐवजी दोन ठेवणे कोणालाही पटेल.

या बदलात स्विच सॉफ्टवेअर होऊन सर्व्हरच्या मेमरीत गेला. एकाच होस्टवरचा (व्हीएम पोटात घेणाऱ्या खऱ्या मशीनवरचा) अॅप्लिकेशन सर्व्हर आणि त्याचा डेटाबेस एकमेकांशी बोलतात तेव्हा ते पॅकेट केबलवर येतच नाही. राजांगणाच्या मोठ्या घरात या खोलीतून त्या खोलीत किती माणसे गेली, हे बाहेर सोप्यावर बसलेल्याला कळत नाही, तशी भौतिक स्विचची गत झाली. २००३ मध्ये व्हीएमवेअरचे व्हीमोशन आले आणि चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर उचलून नेता येऊ लागला. काल अमुक पोर्टवर दिसणारी रहदारी आज दुसऱ्याच पोर्टवर दिसू लागली. पोर्टनिहाय साठवलेले वर्षभराचे आलेख कोणत्या सर्व्हरचे आहेत, हे सांगणे अवघड झाले.

त्याहून खोल घोटाळा वेळेचा आहे, आणि तो आजही सर्वांत कमी समजलेला आहे. व्हीएमला प्रोसेसर सतत मिळत नाही, तो पाळीपाळीने मिळतो. पॅकेट होस्टपर्यंत वेळेवर आले, पण ते उचलणाऱ्या व्हीएमची पाळीच आली नसेल तर ते थांबून राहते. पाळी फारच लांबली तर व्हीएमच्या आभासी नेटवर्क कार्डाचा बफर, म्हणजे पॅकेट तात्पुरती ठेवायची जागा, भरतो आणि पॅकेट तिथेच गळते. तार निर्दोष, स्विच निर्दोष, तरी पॅकेट गेले. व्हीएमच्या आतून पिंग मारले तर त्या आकड्यातही हे ताटकळणे मिसळलेले असते. राइस विद्यापीठाच्या गुओहुई वांग आणि यूजीन एनजी यांनी २०१० मध्ये अॅमेझॉनच्या ईसी२ सेवेवर केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा ठरला. डेटा सेंटरच्या नेटवर्कवर फारसा भार नसतानाही लहान व्हीएमचा वेग सेकंदाच्या काही शतांशांत जवळजवळ शून्य ते एक गिगाबिट असा वरखाली होत होता. कारण प्रोसेसरच्या वाटणीत होते.

म्हणून ईएसएक्सच्या ईएसएक्सटॉप या पाहणी-साधनामध्ये नेटवर्कच्या पडद्यावर गळालेल्या पॅकेटची टक्केवारी आणि प्रोसेसरच्या पडद्यावर ‘रेडी’ वेळ (व्हीएम पाळीची वाट पाहत थांबला तो वेळ), हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतात. एकटा आकडा फसवतो. सरासरीही फसवते. व्हीएमवेअरचे सारे होस्ट एका जागेहून सांभाळणाऱ्या व्हीसेंटरचा ‘रिअल-टाइम’ आलेखसुद्धा २० सेकंदांचे नमुने दाखवतो, आणि पॅकेट गळायला त्याचा छोटासा अंश पुरतो.

हरवलेली दृष्टी परत मिळवण्याचे प्रयत्न २००९ पासून जोरात सुरू झाले. सिस्कोचा नेक्सस १०००व्ही आणि मुक्त स्रोताचा ओपन व्हीस्विच त्याच वर्षी आले. पहिल्यामुळे नेटवर्कवाल्यांना सर्व्हरच्या आतला स्विच त्यांच्या ओळखीच्या आदेशांनी हाताळता आला, दुसऱ्याने नेटफ्लो, एसफ्लो (कोण कोणाशी किती बोलले याच्या नोंदी) आणि पोर्ट मिररिंग (पोर्टच्या रहदारीची प्रत काढणे) आतल्या रहदारीला लावून दिले. २०११ च्या व्हीस्फिअर ५ या आवृत्तीत व्हीएमवेअरच्या वितरित (अनेक होस्टवर पसरलेल्या) स्विचलाही नेटफ्लो आणि मिररिंग मिळाले.

पुढे गुंता वाढतच गेला. एका भौतिक नेटवर्कवर अनेक आभासी नेटवर्क चालवणाऱ्या व्हीएक्सलॅनचे वर्णन ऑगस्ट २०१४ मध्ये आरएफसी ७३४८ या इंटरनेट-दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. त्यात मूळ फ्रेमभोवती ५० बाइटचे वेष्टन चढते, त्यामुळे वाटेतल्या स्विचवर एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) वाढवायचा राहिला की लहान पिंग चालते आणि मोठी फाइल अडकते. नेटवर्क कार्ड थेट व्हीएमला जोडणाऱ्या एसआर-आयओव्हीने वेगासाठी आतल्या स्विचलाच वळसा घातला, म्हणजे नुकतीच मिळालेली दृष्टी पुन्हा गेली. २०१४ पासून लिनक्सच्या गाभ्यात वाढत गेलेल्या, तिथे छोटे तपासणी-प्रोग्रॅम चालवू देणाऱ्या ईबीपीएफने मात्र मोठी आशा दिली आहे. पॅकेट गाभ्यात नेमके कुठे थांबले, हे चालू मशीनवरच विचारता येते.

इतकी साधने असूनही पणजीतला तो सपाट आलेख तसाच का राहतो? माझ्या मते कारण कामाच्या वाटणीत आहे. होस्टचा पासवर्ड सर्व्हरवाल्याकडे, स्विचचा नेटवर्कवाल्याकडे, आणि दोघांची देखभाल-कंत्राटे वेगळी. केबल होती तोवर ही वाटणी रास्त होती, कारण केबल हीच हद्द होती. आता हद्द होस्टच्या आत आहे आणि तिथे नेटवर्कवाल्याला प्रवेश नाही. व्हीसेंटरमध्ये फक्त पाहण्यापुरती परवानगी देणारी ‘रीड-ओन्ली’ भूमिका तयारच मिळते, तिला जादा पैसे पडत नाहीत. पुढचे देखभाल-कंत्राट करताना ती नेटवर्कवाल्याला द्यावी, अशी एक ओळ त्यात घालायला हवी.